दारिद्र्यरेषेचं कूळ आणि कैद्याचा शिधा

तांदूळ २० औंस, डाळ ६ औंस, टिकवलेलं मटण अडीच औंस, भाजी सव्वाचार औंस, तूप एक औंस, मोहरीचं तेल अर्धा औंस, मीठ एक औंस. एका माणसाच्या एका दिवसाच्या शिध्याची ही यादी दादाभाई नौरोजींच्या ‘पॉव्हर्टी अँड अन-ब्रिटिश रूल इन इंडिया’ या ग्रंथात आहे. या ग्रंथाकडे बहुतेक जण वळतात ते आर्थिक निःसारणाचा, म्हणजे हिंदुस्थानची संपत्ती इंग्लंडकडे वाहून जाते हा, सिद्धांत समजून घ्यायला. मीही त्याचसाठी वळलो होतो. आरंभीच्या निबंधात प्रांतामागून प्रांत पिकांची कोष्टकं चाललेली असतात. ती संपतात आणि तिथंच ही यादी लागते. त्या पानापासून पुढे मी निःसारण बाजूला ठेवलं आणि या यादीच्याच मागे लागलो.

यादी गिरमिटियांची आहे. कलकत्त्याच्या बंदरातून दूरच्या मळ्यांवर निघणाऱ्या मजुरांना प्रवासात काय खायला घालावं, हे सरकारचे वैद्यकीय निरीक्षक सर्जन पार्ट्रिज यांनी १८७० च्या मार्चमध्ये सुचवलं होतं. भात खाणाऱ्यांसाठी एक प्रमाण, पोळी खाणाऱ्यांसाठी दुसरं. दादाभाईंनी ते उचललं, त्याला बाजारभाव लावले, शेजारी तुरुंगातल्या कैद्यांवर होणाऱ्या खर्चाचे प्रांतवार आकडे मांडले आणि त्यांच्यासमोर ठेवलं हिंदी माणसाचं दरडोई उत्पन्न.

देशाची खुशाली माणसाच्या गरजांनी मोजायची, ही कल्पना आता आपल्या अंगवळणी पडली आहे. दारिद्र्यरेषा, मानव विकास निर्देशांक, बहुआयामी दारिद्र्य ही सगळी तिचीच लेकरं. त्यांचं कूळ शोधत मागं गेलं की अभ्यासक्रमाची पुस्तकं दोनपैकी एका ठिकाणी थांबतात. एक म्हणजे इंग्लंडातलं यॉर्क शहर, सीबोम राउंट्री, १९०१. दुसरं म्हणजे पुणं, वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ, १९७१. माझं म्हणणं असं की मूळपुरुष या दोघांच्या आधीचा आहे, तो मुंबईचा आहे, आणि त्यानं हे माप तुरुंगाच्या कोठारातून आणि गिरमिटियांच्या जहाजावरून उचललेलं आहे. पुढची शंभर वर्षं या मापाला तुरुंगाचा वास येत राहिला. तो कुठे कुठे येतो हेच मला सांगायचं आहे.

ग्रंथाच्या आरंभीचा ‘पॉव्हर्टी ऑफ इंडिया’ हा निबंध दादाभाईंनी १८७६ मध्ये ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेपुढे वाचला. एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेला हा माणूस. १८६७-६८ च्या सरकारी आकड्यांवरून त्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानचं एकूण उत्पादन काढलं, त्याला लोकसंख्येनं भागलं, आणि दरडोई वर्षाला २० रुपये हा आकडा आला. तो आज शाळकरी मुलांनाही पाठ असतो. पण नुसत्या २० रुपयांना अर्थ काय? थोडे की पुरेसे? दुसरा आकडा शेजारी असल्याशिवाय हे कळत नाही. दादाभाईंची प्रतिभा मला दिसते ती या दुसऱ्या आकड्याच्या शोधात. धडधाकट राहायला आणि माणसासारखं जगायला किमान काय लागतं, असा प्रश्न त्यांनी केला, आणि उत्तर सरकारच्याच दप्तरातून काढलं.

सरकारच्या दप्तरात ते होतं, कारण या दोन ठिकाणी माणसाच्या पोटाची जबाबदारी सरकारला टाळता येत नव्हती. गावातला शेतकरी उपाशी मेला तर त्याचा हिशेब कुणी मागत नसे. कैदी मेला तर अहवाल लिहावा लागे. जहाजावर मेलेला मजूर म्हणजे मळेवाल्याचा बुडालेला पैसा. १८५६-५७ च्या हंगामात कलकत्त्याहून वेस्ट इंडीजकडे गेलेल्या जहाजांवर १७ टक्क्यांच्या आसपास माणसं वाटेत दगावली, आणि त्यानंतर जहाजावरच्या खाण्यापिण्याचे नियम कडक होत गेले. जहाजावरच्या डॉक्टराला मेहनताना मिळे तो जिवंत उतरवलेल्या डोक्यांमागे. माणूस जिवंत ठेवायला नेमकं किती लागतं हे औंसात माहीत असलेली हिंदुस्थानातली प्रमुख खाती हीच दोन.

दादाभाईंनी यावर बोट ठेवलं, तेही वकिली काटेकोरपणानं. हा शिधा प्रवासात स्वस्थ बसलेल्या माणसाचा आहे, याकडे त्यांनी लक्ष वेधलं. नांगर धरणाऱ्याला, विहिरीची मोट हाकणाऱ्याला याहून जास्त लागणार. यात लग्नकार्य नाही, मर्तिक नाही, सणवार नाही, वाईट सालासाठी शिल्लक नाही. तरीसुद्धा हिंदुस्थानचं दरडोई उत्पन्न एवढ्यालाही पुरत नाही. चांगल्या पावसाच्या वर्षीदेखील कैद्याला जे अन्नवस्त्र मिळतं तेवढं सगळ्यांना वाटता येईल इतकं हा देश पिकवत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. नियोजन आयोगाच्या समित्या आपल्या अहवालात इतिहासाचा परिच्छेद लिहीत तेव्हा दादाभाईंच्या या हिशेबाला पहिल्या दारिद्र्यरेषेचा मान देत: १८६७-६८ च्या भावानं, प्रांतागणिक, माणशी वर्षाला १६ ते ३५ रुपये. मान देत आणि पुढच्या वाक्यात काँग्रेसच्या १९३८ च्या नियोजन समितीपाशी पोचत. ते ताट कुणाचं होतं याची चौकशी तिथं होत नसे.

गिरमिटियांच्या यादीइतकीच मला दुसरी एक यादी आवडते. काझी शहाबुद्दीन यांनी मुंबई इलाख्यातल्या शेतमजुराच्या वर्षाच्या गरजांचा अंदाज केला होता, तोही दादाभाईंनी निबंधात घेतला. तीन धोतरं, चपलांचा एक जोड, एक बंडी, दोन कांबळी, एक रुमाल, पावसासाठी एक आडोसा, न्हाव्याचे पैसे. आणि अर्धं पागोटं. पागोटं दोन वर्षं टिकतं, म्हणून एका वर्षाच्या वाट्याला अर्धं. ज्या माणसानं हा अंदाज केला त्याला कुणबी जवळून माहीत होता. जहाजाच्या शिध्यात माणूस म्हणजे पोट होतं. या यादीत त्याला डोकं आहे, डोक्यावर काहीतरी असल्याशिवाय चारचौघांत जाता येत नाही ही जाणीव आहे. गरजेच्या मापाच्या दोन वाटा इथंच, एकाच निबंधात फुटल्या. पुढच्या शतकानं पहिली वाट धरली, आणि पागोट्याची वाट ओस पडली याची मला मनापासून हळहळ वाटते.

दादाभाईंवर टीका झाली ती मुख्यतः २० रुपयांवर. इंडिया ऑफिसमधल्या डॅन्व्हर्स यांनी १८८० मध्ये आक्षेप घेतला की रेल्वेनं मालाची किंमत वाढते ती यांनी धरलेलीच नाही. दादाभाईंनी उत्तर दिलं की धान्य इकडून तिकडे नेल्यानं एक दाणाही वाढत नाही. पुढे १८८२ मध्ये सरकारचे अर्थसदस्य बेअरिंग यांनी दरडोई २७ रुपये काढले, १९०१ मध्ये व्हाइसरॉय कर्झननं ३०. आकड्यांची ही लढाई सर्व इतिहासांत आहे. पण शिध्याच्या बाजूवर सरकारला हल्ला करता येईना. करणार कसा? शिधा त्यांच्याच डॉक्टरानं सुचवलेला. तो जास्त आहे म्हणावं तर कैद्यांवर उधळपट्टी चालली आहे असं कबूल करावं लागे.

निबंध वाचला गेला त्याच वर्षी दख्खनचा पाऊस फसला, आणि जे कोष्टक मुंबईच्या सभागृहात मांडलं गेलं होतं त्याचा प्रयोग लाखो माणसांवर सुरू झाला. व्हाइसरॉय लिटननं सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळी भागात पाठवलं. याच टेंपल यांनी १८७३-७४ च्या बिहारच्या दुष्काळात सढळ हातानं खर्च केला होता आणि त्याबद्दल बोलणी खाल्ली होती. आता त्यांनी हात आखडला. दुष्काळी कामावरच्या पुरुषाची मजुरी त्यांनी रोज एक रत्तल धान्य आणि वर एक आणा इतकी खाली आणली. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश उलटले. त्यांचा मुख्य पुरावा कोणता? तुरुंगाचा शिधा. खडी फोडणाऱ्या कैद्याला सरकार स्वतः याहून जास्त खायला घालतं, मग निरपराध मजुराला हे कसं पुरेल? मुंबई इलाख्यात मजुरीकपातीनंतर १८७७ च्या आरंभी हजारो मजुरांनी कामं सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू घेऊन सरकारकडे अर्जांमागून अर्ज धाडले. सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी त्यात पुढे होते. मद्रासमध्ये अखेर कॉर्निश यांचं म्हणणं मानून त्याच वर्षी शिधा वाढवला गेला.

दादाभाईंनी कॉर्निशना वाचलं असेल किंवा कॉर्निशनी दादाभाईंना, असं मला म्हणायचं नाही. दोघं एकाच कोठाराकडे वळले, कारण दुसरं मोजमाप हाताशी नव्हतं. माझ्या दाव्याला याहून चांगला साक्षीदार नाही.

आता प्रतिस्पर्धी. पहिला मान कुणी कौटिल्याला देईल, आणि मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. अर्थशास्त्रातल्या कोष्ठागाराच्या प्रकरणात आर्य पुरुषाच्या जेवणाचं प्रमाण दिलेलं आहे: एक प्रस्थ तांदूळ, त्याच्या पाव वरण, वरणाच्या सोळाव्या हिश्शाचं मीठ, चौथ्या हिश्शाचं तूप किंवा तेल. बायकांना पाऊण, मुलांना अर्धं. प्रौढ पुरुषाचं एकक धरून बाकीच्यांना अपूर्णांक देण्याची ही रीत आजच्या पाहण्यांतही आहे. मुंबई विद्यापीठानं काढलेली र. पं. कंगले यांची आवृत्ती ज्यांनी चाळली असेल त्यांना हे ठाऊक असेल. पण कोठारातून किती द्यायचं हे ठरवणं वेगळं, आणि त्या प्रमाणानं राज्याच्या एकूण पिकाला जोखणं वेगळं. कौटिल्यानं दुसरी गोष्ट केलेली नाही. पार्ट्रिजनंही केलेली नाही. ती दादाभाईंनी केली. शोध लागला तो दोन आकडे शेजारी ठेवण्यात, आणि कूळ सांगायचं तर त्या क्षणापासून सांगायला हवं.

ग्रेगरी किंगनं १६९६ च्या सुमारास इंग्लंडच्या निम्म्याहून जास्त लोकांना राष्ट्राची संपत्ती घटवणाऱ्यांत टाकलं होतं. तो हिशेब उत्पन्न आणि खर्चाचा आहे, गरजेचा नाही. त्याला एवढी ओळ पुरे.

राउंट्रीचं मात्र तसं नाही. चॉकलेटच्या कारखानदाराच्या या मुलानं यॉर्कमधली ११,५६० कामगार कुटुंबं पाहिली, आईबाप आणि तीन मुलांच्या घराला आठवड्याला २१ शिलिंग ८ पेन्स लागतात असं ठरवलं, आणि शहरातले २७.८४ टक्के लोक दारिद्र्यात आहेत असं सांगून इंग्लंडला हादरवलं. पुस्तक १९०१ चं. दादाभाईंचा ग्रंथही लंडनमध्ये १९०१ सालीच निघाला, आणि दोन्हींच्या नावात ‘पॉव्हर्टी’ आहे. पण दादाभाईंचा मजकूर पंचवीस वर्षं जुना होता, तेव्हा आधी कोण हा प्रश्न उरत नाही.

खरी गंमत राउंट्रीच्या आधारांत आहे. पुरुषाला ३,५०० कॅलरी हा आकडा त्यानं अमेरिकेच्या पोषणतज्ज्ञ अ‍ॅटवॉटरकडून घेतला आणि तो पडताळून पाहिला डॉ. डनलॉप यांनी स्कॉटलंडच्या तुरुंगांतल्या कैद्यांवर केलेल्या प्रयोगांशी. ताट बेतलं ते सरकारी अनाथ-दरिद्री गृहांच्या, म्हणजे वर्कहाउसच्या, शिध्याकडे बघून, आणि त्यातही मटण-मांस छाटून आणखी स्वस्त केलं. म्हणजे ‘शास्त्रीय’ दारिद्र्यरेषेचा जनक समजला जाणारा हा माणूससुद्धा शेवटी तुरुंगाच्या दारातच पोचला! राउंट्रीवर दादाभाईंचा प्रभाव होता असं सिद्ध करण्याची मला गरज वाटत नाही. मुंबईकर पारशी आणि यॉर्कचा क्वेकर एकाच ठिकाणी पोचले याचा अर्थ त्या ठिकाणात काहीतरी आहे. मोजण्यासाठी माणूस स्थिर हवा, त्यानं काय खाल्लं ते लिहिलेलं हवं, आणि लिहिणाऱ्याला ते लिहिण्याची सक्ती हवी. या तिन्ही गोष्टी तेव्हा तुरुंगातच मिळत.

पुढे पोषणशास्त्र हिंदुस्थानात आलं तेही त्याच फाटकातून. कलकत्ता मेडिकल कॉलेजचे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक मॅके यांनी १९१० मध्ये जो मोठा अभ्यास छापला तो बंगालच्या तुरुंगांतल्या आहाराचा होता. त्यानंतर केंद्र सरकलं निलगिरीतल्या कुन्नूरला. तिथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. एक्रॉइड यांनी १९३७ मध्ये हिंदी अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढली, आणि तिथून हे माप गजाबाहेर पडलं. १९३८ ला नेमलेल्या काँग्रेसच्या नियोजन समितीत नेहरू अध्यक्ष आणि मुंबईचे प्राध्यापक के. टी. शाह सचिव होते. तिनं २,४०० ते २,८०० कॅलरी, वर्षाला ३० वार कापड आणि माणशी १०० चौरस फूट घर असं प्रमाण धरलं. ‘बॉम्बे प्लॅन’ म्हणून ओळखली जाणारी उद्योगपतींची १९४४ ची योजनाही याच वळणाची. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेनं गरजेवर आधारलेलं किमान वेतन ठरवताना एक्रॉइड यांचंच प्रमाण घेतलं, आणि कापड माणशी १८ वार. सर्वोच्च न्यायालयानं शिक्षण, औषधपाणी, सणसमारंभ, म्हातारपण यांसाठी त्यावर २५ टक्के चढवले ते १९९१ मध्ये. काझी शहाबुद्दीनांचं पागोटं परत यायला एकशे पंधरा वर्षं लागली.

१९६२ मध्ये सरकारच्या वतीनं एक अभ्यासगट बसला. धनंजयराव गाडगीळ त्यात होते, अण्णासाहेब सहस्रबुद्धेही होते. त्यांनी १९६०-६१ च्या भावानं माणशी महिना २० रुपये ही राष्ट्रीय किमान पातळी ठरवली आणि शिक्षण-आरोग्याचा खर्च त्यातून वगळला, कारण तो सरकार उचलेल. ही वगळणूक अर्थशास्त्रज्ञांना खटकत आली आहे. माझा तर्क असा की तो जुन्या मापाचा वारसा होता. तुरुंगात डॉक्टर सरकारी असतो, त्याचा खर्च कैद्याच्या शिध्यात धरत नाहीत. बाहेरच्या माणसाला तेच माप लावलं तेव्हा सरकारी डॉक्टर गृहीत धरला गेला, आणि तो गावात पोचला की नाही हे रेषेला कधी कळलंच नाही.

मग दांडेकर आणि रथ. ‘पॉव्हर्टी इन इंडिया’ १९७१ मध्ये आलं आणि त्यानं देशाच्या राजकारणाची भाषा बदलली, हे सांगायला नको. त्यांची खरी करामत पद्धतीत आहे. ताट आखून देणं त्यांनी सोडून दिलं. राष्ट्रीय नमुना पाहणीत लोक प्रत्यक्षात कशावर किती खर्च करतात ते पाहिलं, आणि कोणत्या खर्चाच्या पातळीला सरासरी माणसाच्या पोटात २,२५० कॅलरी जातात ते काढलं. खेड्यात महिना १५ रुपये, शहरात साडेबावीस. त्याखाली खेड्यातले ४० टक्के आणि शहरातले ५० टक्के लोक. डाळ किती, तूप किती, हे विचारणारं कुणी राहिलं नाही. फक्त कॅलरी राहिली. १९७९ मध्ये सरकारी कृतिगटानं खेड्यासाठी २,४०० आणि शहरासाठी २,१०० कॅलरी ठरवल्या आणि त्याच पद्धतीला शिक्का मिळाला.

पार्ट्रिजच्या भाताच्या शिध्याचा मी आजच्या पोषणकोष्टकांनी हिशेब केला. तो ३,००० कॅलरींच्या आसपास जातो. एका प्रौढ पुरुषाचा आकडा आणि बायकामुलं धरून काढलेली सरासरी यांची थेट तुलना होत नाही हे खरं. पण तो पुरुष जहाजावर स्वस्थ बसलेला होता आणि सरासरीतला पुरुष उन्हात राबत होता, हेही खरं. शिवाय १८७० च्या यादीत तूप, डाळ, भाजी, मटण यांची नावं होती, आणि १९७१ च्या आकड्यात नुसत्या ज्वारीनंही भागत होतं. शंभर वर्षांत माप सुधारलं आणि ताट रोडावलं, असं मी म्हणतो.

या कॅलरीवरून पुण्यात जो वाद पेटला तो आपल्याकडच्या विद्वत्तेचा एक उत्तम नमुना आहे आणि त्याची आठवण पुरेशी ठेवली जात नाही. साताऱ्याकडच्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जागतिक अन्न व शेती संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख राहिलेले, निवृत्तीनंतर पुण्यात आले आणि त्यांनी दांडेकरांच्या पायालाच हात घातला. त्यांचं म्हणणं असं: एकाच माणसाची गरज रोज सारखी नसते, शरीर काही मर्यादेत कमी खाण्याशी स्वतःला जुळवून घेतं. सरासरीला रेषा मानली तर निम्मे धडधाकट लोकही भुकेल्यांत मोजले जातील. म्हणून रेषा सरासरीच्या बरीच खाली, दोन प्रमाणविचलनं सोडून आखावी. दांडेकरांनी हे अमान्य केलं, आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’च्या अंकांतून खडाजंगी झाली.

संख्याशास्त्र म्हणून सुखात्म्यांचा मुद्दा वजनदार आहे. पण आधार पाहा. शरीर जुळवून घेतं यासाठी त्यांनी घेतलेला महत्त्वाचा पुरावा म्हणजे एडहोम आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश लष्करातल्या नव्या रंगरूटांवर केलेल्या मोजण्या. पुन्हा बराकीतला, नियमानं जेवणारा, नोंदवहीतला माणूस! आठवडाभर कमी खाऊन सावरणारा रंगरूट आणि जन्मापासून कमी खाऊन खुजी राहिलेली बाई यांना एकाच जुळवून घेण्याच्या खात्यात टाकता येत नाही. या वादात मी दांडेकरांच्या बाजूचा आहे. मात्र सुखात्म्यांनी दुसरी एक गोष्ट सांगितली ती दांडेकरांच्या पद्धतीत मावत नव्हती: पाणी घाण असेल तर खाल्लेलं अंगी लागत नाही, म्हणून स्वच्छ पाणी आणि साफसफाई यांना अन्नाइतकंच महत्त्व द्या. इथं माप ताटावरून उठलं.

ते पूर्ण उठवलं मॉरिस डेव्हिड मॉरिस या अमेरिकन इतिहासकारानं. १९७९ मध्ये त्यानं जीवनमानाचा भौतिक दर्जा मोजणारा निर्देशांक मांडला. पीक्यूएलआय म्हणून तो ओळखला जातो. बालमृत्यू, वयाच्या पहिल्या वर्षी असलेलं अपेक्षित आयुर्मान आणि साक्षरता. प्रत्येकाला शून्य ते शंभर गुण, तिघांची सरासरी. उत्पन्न नाही, कॅलरी नाही. श्रीलंका आणि केरळ कमी उत्पन्नातही वर चढलेले दिसले. १९९० च्या मानव विकास निर्देशांकाची गोष्ट महबूब उल हक आणि अमर्त्य सेन यांच्या नावानं सगळीकडे सांगितली जाते, म्हणून ती इथं सांगत नाही. पण त्याच्या आधीची पायरी मॉरिसची आहे.

आणि हा मॉरिस गिरणगावचा इतिहासकार. मुंबईच्या कापडगिरण्यांतल्या कामगारवर्गाच्या जडणघडणीवरचं त्याचं १९६५ चं पुस्तक आजही अभ्यासकांना ओलांडून जाता येत नाही. त्याहून अजब म्हणजे १९६३ मध्ये यानंच एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थान कंगाल झाला या राष्ट्रवादी मांडणीला आव्हान देणारा लेख लिहिला होता, आणि बिपन चंद्र, तपन रायचौधुरी यांनी त्याला सडेतोड उत्तरं दिली होती. दादाभाईंच्या सिद्धांताचा विरोधक दादाभाईंच्या मापाचा वारस ठरला. माझा अंदाज असा की त्या वादानंच त्याला इकडे वळवलं. शंभर वर्षांपूर्वीच्या उत्पन्नाचे आकडे कधीच पक्के होणार नाहीत हे त्याला कळून चुकलं असणार, आणि मग त्यानं असं काही शोधलं जे थेट माणसाच्या जगण्यामरण्यात दिसतं. किती खायला दिलं हे सोडून पोर जगलं का, हे त्यानं विचारलं. तुरुंगाचा वास या मापाला उरला नाही, आणि त्याबद्दल मला मॉरिसविषयी आदर आहे.

तरी जुना प्रश्न मरत नाही. २००९ मध्ये सुरेश तेंडुलकर समितीनं कॅलरीचा खुंटा उपटला. पण २०११ मध्ये नियोजन आयोगानं सर्वोच्च न्यायालयात शहरी माणसाची दारिद्र्यरेषा रोजचे ३२ रुपये असं सांगितलं तेव्हा देशभर एकच आवाज उठला: एवढ्यात जगून दाखवा. दादाभाईंनी १८७६ मध्ये हेच विचारलं होतं.

महाविद्यालयांत आजही दारिद्र्यमापनाचं प्रकरण राउंट्रीपासून किंवा दांडेकर-रथांपासून सुरू होतं, आणि दादाभाई वेगळ्या प्रकरणात, निःसारणाच्या खणात असतात. ही मांडणी चुकीची आहे. अर्थशास्त्र शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे की पहिल्या तासाला ‘पॉव्हर्टी ऑफ इंडिया’मधली गिरमिटियांच्या शिध्याची आणि अर्ध्या पागोट्याची पानं वर्गात वाचून दाखवावीत, आणि राउंट्री त्यानंतर घ्यावा. पुस्तक दुर्मीळ नाही. त्याच्या डिजिटल प्रती फुकट मिळतात, आणि प्रांतवार कोष्टकं जिथं संपतात तिथंच ही पानं आहेत.